मोज्यानिशी मारलेला गोल

१९८५ साली इटलीची फुटबॉल लीग जिंकलेल्या व्हेरोना या संघाबद्दल लिहायला बसलेला जो तो पहिल्या दोन ओळींतच 'चमत्कार' म्हणून मोकळा होतो. मला त्या शब्दाचा राग येतो. चमत्कार म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नाही. कोण आलं, कुठून आलं, किती वर्षं राबलं, कुणाकुणाचे नकार पचवून आलं, हे सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं जातं. आणि लीग ही गोष्ट तर चमत्काराला जागाच देत नाही. एखाद्या रविवारी कुणीही कुणालाही हरवू शकतं. पण सप्टेंबरपासून मे महिन्यापर्यंत, सोळा संघांच्या स्पर्धेत तीस सामने खेळून सर्वांत वर राहायचं, याला दुसरा शब्द लागतो. आमच्याकडे त्याला काम म्हणतात.

मी लालबागचा. १९८५ साली आठवीत होतो. गिरण्यांचा संप संपला असं कुणी जाहीर केलं नव्हतं, गिरण्या मात्र संपत आल्या होत्या. काका कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने बघायला न्यायचा, तेवढंच आमचं फुटबॉल. इटलीतल्या लीगचं वारंही आमच्या चाळीपर्यंत पोचलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी दूरदर्शनवर मेक्सिकोचा वर्ल्ड कप आला आणि रात्र रात्र जागून आम्ही मॅराडोना पाहिला. फायनलमध्ये बुरुचागा एकटा चेंडू घेऊन धावत सुटला, तेव्हा त्याच्या मागे एक धिप्पाड जर्मन जिवाच्या आकांताने पळत होता. मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, पोटऱ्या उघड्या. त्याला बुरुचागा गाठता आला नाही, अर्जेंटिना जिंकली, सगळी चाळ नाचली. मी मात्र त्या पळणाऱ्या माणसाचं नाव विचारत राहिलो. हान्स पेटर ब्रीगेल. व्हेरोनाकडून खेळतो, असं कुणीतरी म्हणालं. व्हेरोना कुठे आहे, ते तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही.

एवढ्या एका नावाचा धागा धरून मी पुढची कितीतरी वर्षं त्या हंगामाच्या मागे लागलो आहे.

तो काळ समजून घ्यायला हवा. १९८० साली सट्टेबाजीच्या प्रकरणाने इटलीचं फुटबॉल हादरलं होतं. मिलान आणि लात्सिओ यांना दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आलं. त्याच सुमारास परदेशी खेळाडूंवरची जुनी बंदी उठली, आधी एक आणि मग दोन परदेशी खेळाडू घ्यायची मुभा मिळाली. १९८२ला इटलीने वर्ल्ड कप जिंकला आणि जगातलं सगळं नामांकित फुटबॉल तिकडे ओढलं गेलं. १९८४च्या त्या हंगामाची यादी वाचताना आजही श्वास अडकतो. युव्हेंटसकडे प्लातिनी आणि बोनियेक, रोमाकडे फाल्काव आणि सेरेझो, उदिनेसेकडे झिको, इंटरकडे रुमेनिगे, फिओरेंटिनाकडे सॉक्रेटिस, सांपदोरियाकडे सूनेस, तोरिनोकडे ज्युनियर. आणि नेपल्सने आणलेला मॅराडोना.

व्हेरोनाने आणले दोघे. जर्मनीच्या कायझर्सलाउटर्नमधून हा ब्रीगेल आणि बेल्जियमच्या लोकेरेनमधून डेन्मार्कचा प्रेबेन एल्कियेर.

एल्कियेरची कथा मला फार जवळची वाटते. १९८४च्या जूनमध्ये युरोपच्या स्पर्धेत डेन्मार्क उपांत्य फेरीपर्यंत आला होता. स्पेनबरोबर बरोबरी झाली, पेनल्टी सुरू झाल्या आणि एल्कियेरने आपली पेनल्टी बारवरून मारली. डेन्मार्क तिथेच संपला. त्या संध्याकाळी त्याची चड्डी मागून फाटलेली होती, आणि तशीच फाटकी चड्डी घालून तो मान खाली घालून परतताना दिसतो. एका पिढीचं स्वप्न आपल्या पायाने बारवरून गेलं, ही गोष्ट घेऊन हा माणूस नव्या गावी, नव्या भाषेत, नव्या कामावर रुजू झाला.

बाकीचे? मधल्या फळीतला फान्ना आणि पुढे खेळणारा छोटा गाल्देरिझी, दोघे युव्हेंटसमधून आलेले. तिथे गर्दीत त्यांना कायमची जागा नव्हती. मारान्गोन बऱ्याच क्लबांचं पाणी पिऊन आलेला. कर्णधार त्रिचेल्ला आणि त्याच्या शेजारचा फोन्तोलान हे दोघे इंटरशी संबंध येऊन पुढे निघून गेलेले. दि जेन्नारो फ्लोरेन्सचा, फिओरेंटिनाने सोडलेला. वोल्पाती तेव्हा तेहतिशीत होता, वैद्यकशास्त्र शिकलेला, पुढे दंतवैद्य झाला. आणि गोलमध्ये क्लाउदियो गारेल्ला.

गारेल्लाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. लात्सिओत असताना त्याच्या हातून अशा काही चुका झाल्या की त्याच्या नावावरून इटालियन भाषेत शब्दच तयार झाला. 'गारेल्लाता' म्हणजे गोलकीपरची ढोबळ, हसू यावं अशी चूक. आपल्या आडनावाचा अर्थ चूक असा झालेला आहे, हे माहीत असताना दर रविवारी हजारो लोकांसमोर दोन खांबांच्या मध्ये उभं राहायचं, हे कसं जमत असेल? व्हेरोनात तो पायाने, गुडघ्याने, मांडीने, छातीने, जे अंग चेंडूच्या वाटेत येईल त्याने चेंडू अडवत राहिला. हाताने पकडण्याची शिस्तबद्ध शैली त्याच्याकडे नव्हतीच. हात न वापरणारा जगातला सर्वोत्तम गोलकीपर, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. त्या वर्षी तीस सामन्यांत व्हेरोनाने एकोणीस गोल खाल्ले. पुढे तो नेपल्सला गेला आणि १९८७ साली तिथेही विजेता झाला. दोन शहरांच्या पहिल्यावहिल्या विजेतेपदाच्या वेळी गोलमध्ये हाच माणूस होता. २०२२च्या ऑगस्टमध्ये तो गेला, तेव्हा मी दिवसभर त्याचे जुने बचाव पाहत बसलो.

या सगळ्यांना एकत्र आणणारा माणूस ओस्वाल्दो बान्योली. जन्म १९३५, मिलानच्या उत्तरेकडची बोविसा वस्ती. बोविसा म्हणजे कारखाने, गॅसच्या प्रचंड टाक्या, धुराडी आणि पहाटे भोंग्यावर उठणारी घरं. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला बोविसा समजावून सांगावी लागत नाही. बान्योली खेळाडू म्हणून मिलानमध्ये होता, व्हेरोनातही होता, पण नाव व्हावं असं काही घडलं नाही. मग त्याने लहान लहान क्लब सांभाळले. चेझेनाला वरच्या श्रेणीत आणलं आणि १९८१ साली व्हेरोनात आला, तेव्हा व्हेरोना दुसऱ्या श्रेणीत होतं. संघ बांधण्याच्या कामात त्याला एमिलियानो मास्चेत्तीची साथ होती, जो स्वतः व्हेरोनाकडून खेळलेला होता. दुसऱ्यांनी बाजूला ठेवलेला माणूस आपल्याकडे कुठे बसेल, हे या दोघांना बरोबर कळायचं.

बान्योली कमी बोलायचा. त्याचं एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे, तेही मिलानच्या बोलीतलं: बॅकने बॅकचं काम करावं, हाफने हाफचं. बॅक म्हणजे बचावातला, हाफ म्हणजे मधल्या फळीतला. फुटबॉलच्या डावपेचांवर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्यांना हे वाक्य पोरकट वाटेल. मला त्यात एक अख्खी कामगार वस्ती ऐकू येते. साच्यावर उभा असलेला माणूस साचा सोडून शेजारच्याच्या कामात नाक खुपसत नाही, कारण त्याने आपलं काम सोडलं तर पुढच्याचं अडतं. पण याचा अर्थ माणसाला एका चौकटीत ठोकून बसवायचं, असा बान्योलीने घेतला नाही. जर्मनीत बचावात खेळणाऱ्या ब्रीगेलला त्याने मधल्या फळीत आणलं. त्या वर्षी ब्रीगेलने नऊ गोल केले. कुणाचं काम कोणतं, हे आधी नीट ओळखायचं, आणि मग त्याला ते करू द्यायचं.

आता मूळ मुद्दा. १९८२ला व्हेरोना दुसऱ्या श्रेणीतून वर आलं. पहिल्याच हंगामात चौथं आलं. पुढच्या वर्षी सहावं. १९८३ आणि १९८४, दोन्ही वर्षी इटालियन चषकाच्या अंतिम फेरीत. १९८३ला तर पहिला सामना घरी २-० जिंकून ट्यूरिनला गेले आणि युव्हेंटसकडून तिथे जादा वेळेत ०-३ हरले. हातात आलेला कप असा निसटलेला. हे सगळं घडून गेल्यावर, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली, बहुतांशी त्याच खेळाडूंनी १९८५ला लीग जिंकली. याला चमत्कार कसं म्हणायचं? तीन वर्षं दार ठोठावत असलेल्या माणसाला दार उघडलं, तर तो आभाळातून पडला असं आपण म्हणत नाही.

हंगाम सुरू झाला १६ सप्टेंबर १९८४ला, आणि पहिल्याच दिवशी व्हेरोनाच्या बेन्तेगोदी मैदानावर नेपल्स आलं. मॅराडोनाचा इटलीच्या लीगमधला पहिला सामना. सगळ्या जगाचे डोळे त्याच्यावर. बान्योलीने ब्रीगेलला त्याच्या मागे लावलं. ब्रीगेलने मॅराडोनाला श्वास घेऊ दिला नाही आणि वर स्वतः गोलही केला. मग गाल्देरिझीचा गोल, दि जेन्नारोचा गोल. व्हेरोना ३, नेपल्स १.

पण त्या दिवसाबद्दल आणखी एक गोष्ट आहे. ती टाळली तर मी या संघावर प्रेम करतो असं म्हणायचा मला हक्क नाही. स्टँडमध्ये व्हेरोनाच्या लोकांनी नेपल्सच्या माणसांसाठी फलक लावला होता: 'इटलीत स्वागत.' म्हणजे तुम्ही दक्षिणेचे, तुम्ही इटलीत मोडतच नाही. मॅराडोनाने हा फलक आयुष्यभर लक्षात ठेवला. व्हेरोनाच्या त्या स्टँडची ही बाजू पुढच्या काळात आणखी काळी होत गेली. कृष्णवर्णीय खेळाडूंना माकडांचे आवाज काढणं, उजव्या टोकाच्या घोषणा, सगळं तिथे झालं. मुंबईत राहणाऱ्याला हा विखार अनोळखी नाही. 'तुम्ही इथले नाही' हे वाक्य आम्हीही वेगवेगळ्या तोंडांतून, वेगवेगळ्या लोकांना उद्देशून ऐकलेलं आहे. त्या दिवशी दुसरा गोल मारणारा, आणि पुढे अकरा गोल करून संघात सर्वांत जास्त गोलांचा मानकरी ठरलेला गाल्देरिझी सालेर्नोचा होता. सालेर्नो नेपल्सच्याही दक्षिणेला आहे. फलक धरणारे हात त्याच्या गोलावर टाळ्या वाजवत होते. त्यातल्या एकाला तरी हे जाणवलं असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

महिन्याभरात, १४ ऑक्टोबरला युव्हेंटस आलं. आदल्या हंगामाचे विजेते. गाल्देरिझीने आपल्या जुन्या क्लबवर पहिला गोल केला. आणि मग एल्कियेर डावीकडून चेंडू घेऊन निघाला. वाटेत अडवणाऱ्याशी झालेल्या झटापटीत त्याच्या उजव्या पायातला बूट निघून गवतावर पडला. तो थांबला नाही. स्तेफानो पिओली, जो पुढे मोठा प्रशिक्षक झाला, तो आडवा आला, त्याला चकवलं, आणि नुसत्या मोज्यातल्या पायाने चेंडू गोलमध्ये मारला. २-०. मी ही चित्रफीत किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही. दर वेळी माझं लक्ष गोलावर नसतं, त्या मागे पडलेल्या बुटावर असतं. जूनमध्ये फाटलेल्या चड्डीनिशी हरून गेलेला माणूस ऑक्टोबरमध्ये बुटाशिवाय जिंकत होता. कपडेलत्ते, साहित्य, देखणेपण, यातलं काहीच त्याला कधी धड लाभलं नाही. तो फक्त धावत राहिला.

हिवाळा कसा गेला त्याचं बारीक वर्णन मी करणार नाही. तेव्हा विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक. आजच्या लोकांना बरोबरी म्हणजे फुकट गेलेला दिवस वाटतो. तेव्हा तसं नव्हतं. व्हेरोनाने तीसपैकी पंधरा सामने जिंकले, तेरा बरोबरीत सोडवले, फक्त दोन हरले. एक अवेल्लिनोला, दुसरा वसंतात घरच्या मैदानावर तोरिनोशी. परक्या गावी, थंडीत, चिखलात, अंगात ताप असताना एक गुण घेऊन घरी यायचं, यालाही एक किंमत होती. मला ती पद्धत अजून आवडते.

एका सामन्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. फेब्रुवारीत उदिनेला व्हेरोना लवकरच ३-० पुढे होतं. मग उदिनेसेने एक फेडला, दुसरा फेडला, तिसराही फेडला. ३-३. लहान संघ इथेच मोडतात. सगळा हंगाम त्या घटकेला हातातून सुटला असता. व्हेरोनाने आणखी दोन गोल मारले आणि ५-३ने जिंकून परतलं. विजेतेपद मे महिन्यात मिळालं हे खरं, पण माझ्या मते ते उदिनेला त्या अर्ध्या तासात कमावलं गेलं.

आता पंचांची गोष्ट. चमत्कार म्हणणाऱ्यांनंतर दुसरा कळप येतो तो चिठ्ठ्यावाल्यांचा. त्या हंगामात सामन्यांना पंच नेमले गेले ते चिठ्ठ्या टाकून. आधी कुणीतरी माणसं बसून कोणत्या सामन्याला कोण हे ठरवत. घोटाळ्यांनंतर संशय इतका वाढला होता की चिठ्ठ्यांची पद्धत आणली गेली. पुढच्या वर्षी ती गेली. मग काय, ज्या एका वर्षी पंच कुणी निवडले नाहीत त्याच वर्षी लहान शहर जिंकलं, हे वाक्य इटलीत म्हणीसारखं फिरतं. गंमत अशी की मोठ्या क्लबांवर आरोप करणारे आणि व्हेरोनाला कमी लेखणारे, दोघंही हेच वाक्य वापरतात. पहिल्यांच्या मनातलं मला कळतं. मोठ्यांच्या बाजूने तराजू झुकलेला असतो हे सांगायला मला इटलीला जावं लागत नाही. पण चिठ्ठीने फार तर तराजू सरळ धरला असेल. पारड्यात वजन टाकलं ते खेळाडूंनी. ४३ गुण, दुसऱ्या आलेल्या तोरिनोपेक्षा चार जास्त. इंटर ३८, सांपदोरिया ३७. विजयाला तीन गुण मोजले तरी व्हेरोनाच पहिलं येतं. एका सुटीच्या दुपारी कागद-पेन्सिल घेऊन मी ते मांडून पाहिलं आहे.

१२ मे १९८५, बेर्गामो. एक सामना अजून उरलेला होता, पण इथे अतालान्ताविरुद्ध एक गुण मिळाला तरी पुरत होता. व्हेरोनाहून पिवळ्या-निळ्या झेंड्यांचे तांडे आले होते. पेरीकोने अतालान्ताला पुढे नेलं. मध्यंतरानंतर एल्कियेरने बरोबरी केली. १-१. शिट्टी वाजली आणि लोक मैदानात शिरले. १९२९ला आजच्या पद्धतीची एकसंध लीग सुरू झाल्यापासून आजपर्यंत, प्रादेशिक राजधानी नसलेल्या शहराने ती जिंकल्याचं हे एकच उदाहरण आहे. आठवड्याने घरच्या मैदानावर अवेल्लिनोला ४-२ हरवून सगळं संपलं.

पुढचं आनंदाचं नाही. मे महिन्याच्या २९ तारखेला ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर युव्हेंटस आणि लिव्हरपूल यांच्या अंतिम सामन्याआधी ३९ माणसं चिरडून मेली आणि त्या वर्षाच्या फुटबॉलवर कायमची सावली पडली. पुढच्या हंगामात युरोपियन कपमध्ये व्हेरोनाची गाठ दुसऱ्याच फेरीत युव्हेंटसशी पडली. हेझेलच्या शिक्षेमुळे ट्यूरिनचा सामना रिकाम्या मैदानात झाला आणि व्हेरोना तिथे ०-२ हरलं. फान्ना आणि मारान्गोन इंटरला गेले, गारेल्ला नेपल्सला. १९९०ला संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला, बान्योली गेला, १९९१ला क्लबचं दिवाळं निघालं. बान्योलीने पुढे जेनोआला चौथ्या क्रमांकावर नेलं, लिव्हरपूलला त्याच्याच घरात हरवलं, आणि इंटरने १९९४ला काढून टाकल्यावर प्रशिक्षकाचं काम कायमचं सोडलं.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मिलानला गेलो असताना एक दिवस काढून मी व्हेरोनाला गेलो. सगळे प्रवासी ज्युलिएटच्या सज्जाकडे जात होते. मी बेन्तेगोदीला गेलो. मैदान बंद होतं. नुसता काँक्रीटचा घेर, बंद फाटकं आणि समोरच्या पार्किंगमध्ये एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता. मी एक फेरी मारली, मग जवळच्या एका कॉफीच्या दुकानात शिरलो. भिंतीवर तो फोटो होता. मागे उभे सहा, पुढे बसलेले पाच. मी बोटाने दाखवत एकेकाचं नाव घेऊ लागलो, तर काउंटरमागचे आजोबा हातातलं फडकं खाली ठेवून बाहेर आले. माझं इटालियन चार वाक्यांचं, त्यांचं इंग्रजी तेवढंही नाही. त्यांनी मला थांबवलं आणि पाठीवरच्या नंबराच्या क्रमाने, आपण पाढे म्हणतो तशा एका दमात नावं म्हटली. गारेल्ला, फेर्रोनी, मारान्गोन, त्रिचेल्ला, फोन्तोलान, ब्रीगेल, फान्ना, वोल्पाती, गाल्देरिझी, दि जेन्नारो, एल्कियेर.

मग मला म्हणायला लावलं. मी दुसऱ्याच नावाला अडखळलो. वर एवढं लिहिलं, पण फेर्रोनीबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो उजवीकडचा बॅक. बॅकचं काम करायचा. आजोबांनी मान हलवली, बोट वर केलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.